मराठी चित्रपटाचे शासकीय अर्थसाहाय्य : फाईल पहिल्या दिवसापासून कशी बांधावी

अर्थसाहाय्याची फाईल अडते तेव्हा कारण बहुधा एका ओळीचे असते. शीर्षक नोंदणीत ऱ्हस्व, सेन्सॉर प्रमाणपत्रावर दीर्घ. करार मालकाच्या वैयक्तिक नावाने, बँक खाते नव्या कंपनीच्या नावाने. प्रमाणपत्रावर लांबी एक, समितीसमोर लावलेल्या प्रतीची लांबी दुसरी. हे सगळे अर्जाच्या दिवशी लक्षात येते आणि तेव्हा ते दुरुस्त करायला महिने लागतात, कारण चूक दीड-दोन वर्षांपूर्वी झालेली असते. म्हणून हा लेख अर्जापासून सुरू होत नाही. पटकथा हातात आली की पहिले काय करायचे, तिथून सुरू होतो.

योजना महाराष्ट्र शासनाच्या सांस्कृतिक कार्य विभागाची आहे. तिचे कामकाज महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाकडे, म्हणजे गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीतून चालते. पूर्ण झालेला, प्रमाणित चित्रपट परीक्षण समिती पाहते, गुण देते आणि गुणांवरून ‘अ’ किंवा ‘ब’ दर्जा ठरतो. ‘अ’ दर्जासाठी ४० लाख आणि ‘ब’ दर्जासाठी ३० लाख रुपये हे आकडे मराठी निर्मात्यांना अनेक वर्षे परिचित आहेत. तुमच्या चित्रपटाला लागू होणारा आकडा मात्र प्रचलित शासन निर्णयातूनच घ्या.

यातून एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी लागते. पैसा चित्रपट पूर्ण झाल्यावर येतो, तोही दर्जा मिळाला तर. तो बजेटच्या ‘जमा’ बाजूला लिहू नका. अर्थसाहाय्य येणारच या भरवशावर ४० लाख रुपये दरसाल १८ टक्क्यांनी उचलले आणि दोन वर्षे लागली, तर नुसते सरळव्याज १४ लाख ४० हजार होते. ‘ब’ दर्जा मिळाला तर ३० लाखांतून मुद्दलही फिटत नाही.

## टप्पा १ : शासन निर्णय मुळातून वाचा

ओळखीच्या निर्मात्याने दिलेली यादी, जुन्या अर्जाची झेरॉक्स किंवा वर्तमानपत्रातली घोषणा यांवर काम सुरू करू नका. मंत्र्यांनी जाहीर केलेली गोष्ट शासन निर्णय निघेपर्यंत लागू होत नाही.

१. शासनाच्या संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ विभागात सांस्कृतिक कार्य विभाग निवडा आणि योजनेचा सर्वांत अलीकडचा निर्णय काढा. प्रत्येक निर्णयाच्या शेवटी १८ अंकी संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना, दिवस असे असतात. हातात आलेली प्रत किती जुनी आहे हे त्यावरून लगेच कळते.

२. निर्णयाच्या सुरुवातीला ‘वाचा’ या शब्दाखाली आधीच्या निर्णयांची यादी असते. ते सगळे उतरवून घ्या. नव्या निर्णयात फक्त बदललेली कलमे असू शकतात आणि बाकीच्या अटी जुन्या निर्णयातून तशाच चालू राहतात. निम्मे गैरसमज इथेच जन्माला येतात.

३. त्यानंतर निघालेली शुद्धिपत्रके आणि पूरकपत्रे शोधा. दोन ओळींच्या शुद्धिपत्रकाने मुदत किंवा रक्कम बदलू शकते.

४. आता पेन घेऊन या गोष्टी अधोरेखित करा : अर्जाची मुदत आणि ती कोणत्या तारखेपासून मोजायची, चित्रपटगृहात प्रदर्शन आवश्यक आहे का, असल्यास पुरावा कोणता, निर्माता आणि दिग्दर्शक यांच्या रहिवासाची अट, किमान लांबी, डब किंवा रिमेक चित्रपटाबद्दलची तरतूद, खर्चाचे प्रमाणपत्र कोणत्या नमुन्यात हवे, राष्ट्रीय वा राज्य पुरस्कारप्राप्त चित्रपटांसाठी, बालचित्रपटांसाठी किंवा विशिष्ट विषयांसाठी वेगळी तरतूद आहे का, रक्कम एकदम मिळते की हप्त्यांत.

तपासणी : चित्रपट खानदेशी, मालवणी, वऱ्हाडी वळणाचा असेल तर प्रमाणपत्रावर भाषा काय नोंदवायची हे आताच ठरवा. अहिराणी संवाद असलेल्या चित्रपटाची भाषा ‘अहिराणी’ अशी नोंदवून घेतली आणि अर्ज मराठीच्या योजनेत केला, तर प्रश्न उभा राहणारच. याबाबत महामंडळाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. फोनवरचे उत्तर फाईलला लागत नाही.

## टप्पा २ : निर्माता कोण, हे एकदाच ठरवा

अर्जदार, शीर्षकधारक, प्रमाणपत्रावरचा निर्माता, करारातला पक्षकार आणि बँकेचा खातेदार ही एकच व्यक्ती किंवा एकच संस्था असली पाहिजे. संपूर्ण फाईलचा कणा हाच आहे.

नेहमीची चूक अशी घडते. पटकथेचे मानधन निर्माता स्वतःच्या बचत खात्यातून देतो. चित्रीकरणाच्या तोंडावर भागीदार येतो, मग भागीदारी संस्था होते. वितरक ‘कंपनी असेल तर बरे’ म्हणतो, म्हणून प्रदर्शनाआधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी निघते. खर्च तीन पॅन क्रमांकांवर विभागला जातो आणि सीए कोणत्याच एका संस्थेच्या नावे पूर्ण खर्च प्रमाणित करू शकत नाही.

त्यामुळे पहिला धनादेश फाडण्यापूर्वी संस्था ठरवा आणि तिचा पॅन, जीएसटी नोंदणी आणि फक्त या चित्रपटासाठी वेगळे चालू खाते घ्या. आधी वैयक्तिक खर्च झालाच असेल तर तो सीएच्या सल्ल्याने त्याच आर्थिक वर्षात संस्थेच्या पुस्तकात कर्ज किंवा भांडवल म्हणून आणा आणि मूळ करार संस्थेच्या नावे लेखी हस्तांतरित करा. दोन वर्षांनी मागची तारीख टाकून केलेला करार पकडला जातो. मुद्रांकाच्या मागे विक्रीची तारीख असते.

सहनिर्माता असेल तर करारात तीन वाक्ये स्पष्ट हवीत : अर्ज कोण करणार, रक्कम कोणाच्या खात्यात येणार आणि ती कशी वाटली जाणार. चित्रपट चालला नाही की हक्काचा वाद याच रकमेवरून पेटतो आणि सहनिर्मात्याचे एक हरकतपत्र फाईल थांबवायला पुरते.

## टप्पा ३ : शीर्षक आणि हक्क

शीर्षक निर्मात्यांच्या संघटनेकडे नोंदवले जाते. मराठीसाठी कोल्हापूरला मुख्यालय असलेले अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ हे ओळखीचे ठिकाण आहे. नाव सारखे असल्यामुळे नवखे निर्माते या संघटनेत आणि गोरेगावच्या शासकीय महामंडळात गल्लत करतात आणि एकीकडचा कागद दुसरीकडे देतात.

शीर्षक नोंदवताना देवनागरीतले लेखन आणि रोमन स्पेलिंग दोन्ही कागदावर ठरवा. ती ओळ छापून कार्यालयात भिंतीवर लावा. पोस्टर करणारा, श्रेयनामावली लिहिणारा आणि सेन्सॉरचा अर्ज भरणारा या तिघांनी तिथूनच नक्कल करायची. ‘श्री’ जोडला, उद्गारचिन्ह आले, खाली उपशीर्षक चिकटवले, की कागदोपत्री तो दुसरा चित्रपट होतो. शीर्षक नोंदणीला मुदत असते. चित्रपट रखडला तर नूतनीकरणाची तारीख पाहून ठेवा.

कथेच्या हक्कांत कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या तीन गोष्टी हमखास दुर्लक्षिल्या जातात. हस्तांतरण लेखी आणि सही केलेले हवे. करारात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांचेच मानले जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची आहे : मिळालेले हक्क एका वर्षात वापरले नाहीत तर, करारात वेगळे लिहिले नसल्यास, ते संपुष्टात येतात. कादंबरीचे हक्क घेऊन तीन वर्षे पैसे जमवणाऱ्या निर्मात्याच्या हाती त्यामुळे काहीच उरत नाही. ‘वापर न झाल्यास हक्क संपणार नाहीत’ हे कलम आणि स्पष्ट मुदत करारात घालूनच सही करा.

गीतकार आणि संगीतकार यांच्या करारात ‘रॉयल्टीसह सर्व हक्क कायमचे दिले’ असे छापील वाक्य अजूनही दिसते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहातील प्रदर्शन सोडून इतर वापरांच्या रॉयल्टीचा हक्क ते वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देऊ शकतात. निर्मात्याच्या नावे तो लिहून घेता येत नाही. असा करार फाईलमध्ये लावून तुम्ही स्वतःच्याच कागदातला दोष दाखवून देता.

तपासणी : पटकथा, संवाद, गीते, संगीत, पार्श्वसंगीत, नृत्यदिग्दर्शन यांचे स्वतंत्र करार आहेत का? प्रत्येकात चित्रपटाचे नाव नोंदणीप्रमाणेच आहे का? करार तात्पुरत्या नावाने झाला असेल तर ‘पूर्वीचे नाव अमुक, आता नोंदणीकृत नाव तमुक’ असे पुरवणीपत्र आजच करून घ्या. लेखक नंतर सापडतात, सही करायला राजी होतीलच असे नाही.

## टप्पा ४ : कॅमेरा लागण्याआधीच्या परवानग्या

अर्थसाहाय्य आणि परवानग्या यांचा संबंध काय, असे वाटेल. परवानगीविना चित्रित झालेले दृश्य सेन्सॉरकडे अडते, तिथे महिने जातात आणि योजनेच्या मुदतीचे गणित बिघडते. काही परवानग्या नंतर मिळतच नाहीत.

### बालकलाकार

१४ वर्षांखालील मूल असेल तर बालकामगार कायदा आणि त्याचे नियम लागू होतात. ज्या जिल्ह्यात चित्रीकरण आहे त्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यासाठी विहित नमुन्यातले हमीपत्र द्यायचे असते आणि ते सहा महिनेच चालते. साताऱ्यात सुरू केलेले काम पावसामुळे थांबून दिवाळीनंतर सांगलीत पूर्ण होणार असेल, तर सांगलीची परवानगी वेगळी आणि साताऱ्याची मुदत पुन्हा तपासायची.

नियमांतली परिमाणे सहायक दिग्दर्शकाच्या वेळापत्रकात लिहून ठेवा :

- दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही.
- सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही.
- जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमलेली.
- मुलाच्या उत्पन्नाचे किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावे मुदत ठेवीत.

मुदत ठेवीची पावती हा राहून जाणारा कागद आहे. मानधन रोखीने आई-वडिलांच्या हातात दिले जाते आणि वर्षाने पावती मागितली की सगळे एकमेकांकडे बघतात. पहिल्या हप्त्याबरोबरच ठेव करा आणि तिची प्रत फाईलला लावा. मुलाच्या हक्काचा पैसा आहे तो. कागद नसता मागितला तरी ठेवायलाच हवा.

### प्राणी

गावाकडची गोष्ट म्हटली की बैल, शेळी, कोंबडी, कुत्रा ओघानेच येतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणापूर्वी घ्यायची आणि चित्रीकरणानंतर ना-हरकत प्रमाणपत्र मिळवायचे, असे हे दोन वेगळे टप्पे आहेत. पहिला चुकला तर दुसऱ्याची आशा धरू नका. अर्जात प्राण्याचा मालक, पशुवैद्यकाचा दाखला, दृश्याचे वर्णन आणि तारखा लागतात. दृश्याचे वर्णन नेमके लिहा. ‘बैल दिसतो’ एवढे पुरत नाही. बैल उभा आहे, चालतो आहे की गाडी ओढतो आहे, किती वेळ, गाडीत किती माणसे, असे लिहा. पडद्यावर वेगळेच दिसले तर परवानगी असूनही दृश्य जाते.

बैलाबाबत जास्त जपा. २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने ज्या प्राण्यांना खेळ-प्रदर्शनासाठी वापरायला मनाई केली त्यांत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्याबरोबर बैलाचेही नाव आहे. पुढे शर्यतींसाठी झालेली कायदादुरुस्ती म्हणजे चित्रीकरणाचा परवाना नव्हे. बैलगाडा शर्यतीचे दृश्य कथेचा गाभा असेल तर पटकथेच्या टप्प्यावरच मंडळाकडे पत्रव्यवहार सुरू करा.

प्राणी संगणकावर बनवला असेल तर तसे जाहीर करावे लागते आणि पुरावा लागतो. दृश्यपरिणाम करणाऱ्या स्टुडिओकडून जाळीचित्रे (वायरफ्रेम), थर (लेयर) आणि मधल्या प्रती काम संपण्यापूर्वीच मागून घ्या.

### किल्ले, स्थळे, ड्रोन

किल्ला कोणाच्या ताब्यात आहे ते आधी पाहा. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग यांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे जावे लागते. राजगड, साल्हेर, खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या संरक्षणाखाली आहेत. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज तीन आठवडे पडून राहतो आणि मग ‘आमच्या अखत्यारीत नाही’ असे उत्तर येते. गडाच्या वाटेवर वनजमीन असेल तर वन विभागाची परवानगी आणखी वेगळी.

राज्यातल्या इतर शासकीय जागांसाठी गोरेगावच्या शासकीय महामंडळाची एक खिडकी योजना वापरा. अर्जात दिवस, तास, माणसांची संख्या, वाहने, जनरेटर हे खरे आकडे द्या. ४० माणसे लिहून १२० आणली तर स्थानिक अधिकारी काम थांबवू शकतो. चित्रनगरीत, गोरेगाव असो की कोल्हापूर, मराठी निर्मितीची सवलत आरक्षण करतानाच मागा. बिल निघाल्यावर मागितलेल्या सवलतीसाठी खेटे घालावे लागतात.

ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात आहे ते डिजिटल स्काय नकाशावर पाहा. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवायला हवाई परवानगी लागत नाही, पण ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि चालकाचे प्रमाणपत्र लागते. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला चालक प्रमाणपत्रातून सूट आहे. लग्नाचे चित्रीकरण करणारा ड्रोनवाला आणताना ही दोन्ही कागदपत्रे हातात घेऊन मगच आगाऊ रक्कम द्या.

## टप्पा ५ : हिशेब रोजच्या रोज

खर्चाचे प्रमाणपत्र सीए देतो, पण ते निर्मिती व्यवस्थापकाच्या वहीवर उभे असते.

१. चित्रीकरणाच्या प्रत्येक दिवसाला एक पाकीट. त्यात कॉल शीट, दैनिक अहवाल, हजेरीपट आणि व्हाउचर. रात्री पॅक-अपनंतर पाकीट बंद करून वर दिवसाचा एकूण खर्च लिहा.

२. व्हाउचरवर नाव, काम, दिवस क्रमांक, रक्कम आणि सही. ‘किरकोळ खर्च ३५,०००’ अशी एकच ओळ कोणताही तपासनीस मान्य करत नाही.

३. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नका. आयकराच्या हिशेबात तो खर्च नामंजूर होतो. गावातला मंडपवाला, जेवणवाला, गाडीवाला बँक खाते असूनही रोख मागतात. त्यांच्याशी बोली करतानाच खात्यात पैसे घेण्याची अट घाला.

४. कलाकार-तंत्रज्ञांच्या मानधनातून टीडीएस कापा आणि वेळेत भरा.

५. निर्मात्याने ज्यांना प्रत्येकी ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम दिली किंवा देणे आहे, त्यांचे विवरणपत्र आयकर खात्याला द्यावे लागते. चित्रपटाच्या हिशेबाचा अनुभव नसलेल्या सीएला ही तरतूद अनेकदा माहीत नसते. तुम्हीच आठवण करा.

सावधान : मित्राने फुकट दिलेले घर, नटाने न घेतलेले मानधन यांचा खर्च ‘अंदाजे किंमत’ म्हणून दाखवू नका. प्रत्यक्ष दिलेला पैसाच खर्च. फुगवलेला आकडा बँक उताऱ्याशी जुळत नाही आणि मग खऱ्या नोंदींवरही संशय येतो.

## टप्पा ६ : लांबी आणि सूचना कायम करा

सेकंदाला २५ फ्रेमने संकलित केलेला १२० मिनिटांचा चित्रपट २४ फ्रेमच्या डीसीपीत, म्हणजे चित्रपटगृहात लावायच्या डिजिटल प्रतीत, नेताना वेग कमी केला, तर तो १२५ मिनिटांचा होतो आणि आवाजाचा सूरही उतरतो. शीर्षकापासून शेवटच्या श्रेयओळीपर्यंत सगळे २४ फ्रेमवर करा आणि प्रयोगशाळेकडून तास, मिनिटे, सेकंद अशी नेमकी लांबी लेखी घ्या.

चित्रपटात विडी, सिगारेट, तंबाखू दिसत असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतराच्या वेळी किमान ३० सेकंदांची आरोग्यसूचना, दोन्ही वेळी किमान २० सेकंदांचे दृक्‌श्राव्य निवेदन आणि त्या दृश्यांवर चित्रपटाच्याच भाषेत स्थिर सूचना लागते. सूचना आणि निवेदने मिळून १०० सेकंद होतात. ती डीसीपीत जोडली तर लांबी १ मिनिट ४० सेकंदांनी वाढते. ती लांबीत धरली आहेत की नाही, हे सगळ्या कागदांवर एकसारखे असू द्या. पाठीमागच्या टपरीवर एकजण विडी ओढताना दिसतो म्हणून हे सगळे करावे लागते. गरज नसेल तर चित्रीकरणातच ती विडी काढा.

## टप्पा ७ : सेन्सॉर प्रमाणपत्र

अर्ज ई-सिनेप्रमाण या पोर्टलवर होतो. सध्या २०२४ चे प्रमाणन नियम लागू आहेत. २०२३ च्या कायदादुरुस्तीने ‘यूए’ (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याजोगा) या वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आणि प्रमाणपत्राची दहा वर्षांची मर्यादा गेली. जुन्या यादीवरून अर्ज भरणारा मध्यस्थ घेऊ नका.

संवादांची प्रत पडद्यावरच्या संवादांबरहुकूम हवी, चित्रीकरणाची पटकथा चालत नाही. संकलनानंतर एका माणसाला दोन दिवस बसवून पडद्यावर ऐकू येईल तसे उतरवून घ्या, गाण्यांसह. बालकलाकार, प्राणी, तंबाखू, वैद्यकीय किंवा ऐतिहासिक दावे यांचे कागद अर्जाबरोबरच लावा.

सेन्सॉर मंडळाच्या परीक्षण समितीने काटछाट सुचवली आणि ती मान्य नसेल तर पुनर्परीक्षण समितीकडे जाता येते. त्यापुढचे अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झाले, त्यामुळे आता उच्च न्यायालय गाठावे लागते. भांडायचे की नाही हे कलात्मक भूमिकेवर ठरवा, पण प्रदर्शनाची तारीख आधी जाहीर करून स्वतःला कोंडीत पकडू नका.

तपासणी : प्रमाणपत्र हाती येताच त्याच क्षणी वाचा. शीर्षक, भाषा, निर्मात्याचे नाव, लांबी. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात करा. प्रमाणपत्रानंतर एखादे गाणे कापले किंवा दृश्य जोडले तरी सेन्सॉर मंडळाकडून नोंद करून घ्यावी लागते. प्रदर्शनानंतर ‘प्रेक्षकांना लांब वाटतो’ म्हणून परस्पर कापलेली दहा मिनिटे पुढे अर्थसाहाय्याच्या वेळी अडचण करतात.

## टप्पा ८ : अर्ज

शासकीय महामंडळाच्या चालू नमुन्यातच अर्ज भरा. प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र यांचा मजकूर एक शब्दही न बदलता टंकलिखित करा. मुद्रांक किती रुपयांचा हे नमुन्यावरून घ्या.

फाईलची मांडणी : अर्ज, अनुक्रमणिका, संस्थेचे कागद, शीर्षक नोंदणी, हक्कांचे करार, प्रमाणपत्र, परवानग्या, सीएचे खर्च प्रमाणपत्र आणि लेखे, रहिवासाचे पुरावे, प्रतिज्ञापत्र, बँकेचा रद्द केलेला धनादेश. प्रत्येक पानावर क्रमांक आणि स्वाक्षरी. दोन एकसारख्या प्रती करा, एक द्यायची, एक तुमच्याकडे.

दाखल करताना तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मुदतीचा वाद झाला तर तेवढा एकच शिक्का तुमच्या बाजूने बोलतो.

त्रुटीपत्र आले तर घाबरण्याचे कारण नाही. त्यातल्या मुद्द्यांच्या क्रमानेच उत्तर लिहा, सोबतचे कागद पृष्ठक्रमांकासह दाखवा आणि सगळी पूर्तता एकाच वेळी करा. आज एक कागद, पुढच्या आठवड्यात दुसरा असे केले की प्रत्येक वेळी फाईल पुन्हा रांगेच्या शेवटी जाते.

शेवटच्या आठवड्यात अर्ज करू नका. मुदत प्रमाणपत्राच्या तारखेपासून मोजली जात असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच फाईल द्या. कागद ताजे असतात, माणसे संपर्कात असतात.

## टप्पा ९ : समितीसमोरचे प्रदर्शन

इथे गुण मिळतात आणि इथेच तांत्रिक हलगर्जीने चांगला चित्रपट मार खातो. समिती पडद्यावर जे दिसते आणि ऐकू येते तेच पाहते. ‘ध्वनिमिश्रणाची अंतिम प्रत नंतर आली’ हे तिला सांगून उपयोग नाही.

१. लावायची प्रत प्रमाणित आवृत्तीच हवी. काटछाटीपूर्वीची डीसीपी जुन्या हार्डडिस्कवर राहिलेली असते आणि घाईत तीच पाठवली जाते. डिस्कवर आवृत्ती, लांबी आणि तारीख लिहून चिकटवा, जुन्या प्रती बाजूला काढा.

२. डीसीपी कुलूपबंद असेल तर केडीएम, म्हणजे ती उघडणारी डिजिटल किल्ली, त्या विशिष्ट चित्रपटगृहाच्या सर्व्हरसाठीच बनते. प्रदर्शनाचे ठिकाण कळले की सर्व्हरची माहिती मागवा. केडीएमची वेळ जागतिक प्रमाणवेळेत टाकली गेली आणि साडेपाच तासांचा फरक धरला नाही, तर सकाळी ११ ला लावायचा चित्रपट दुपारी साडेचारपर्यंत उघडत नाही. आदल्या दिवशी सकाळपासून पुढच्या दिवशी रात्रीपर्यंत चालेल अशी ऐसपैस वेळ मागा.

३. आदल्या दिवशी डीसीपी सर्व्हरवर चढवून पहिली पाच मिनिटे, मध्यंतर आणि शेवटची पाच मिनिटे त्याच पडद्यावर पाहा. स्कोप (जास्त रुंद) चित्रपट फ्लॅट (कमी रुंद) चौकटीत लागणे, मधल्या स्पीकरमधून संवाद न येणे हे दोष तेव्हाच सापडतात.

४. कुलूप नसलेली दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन तंत्रज्ञ हजर ठेवा.

समिती सदस्यांशी आधी किंवा नंतर संपर्क साधू नका. हेतू कितीही सरळ असला तरी त्याचा अर्थ सरळ लावला जात नाही.

## टप्पा १० : निकालानंतर

मंजुरीपत्र आले की त्यातल्या अटींची यादी करा : करारनामा, पावती, बँक तपशील, श्रेयनामावलीत उल्लेख करायचा असल्यास तो. बँक खाते सुरू आहे ना, हे पाहा. चित्रपट संपल्यावर न वापरलेले चालू खाते बँक निष्क्रिय करते आणि रक्कम परत जाते. मिळालेली रक्कम हिशेबात कशी दाखवायची हे सीएशी बोलून वर्ष संपण्यापूर्वी ठरवा.

अपेक्षित दर्जा मिळाला नाही तर निर्णयात फेरविचाराची तरतूद आहे का ते पाहा आणि असल्यास तिच्याच मुदतीत अर्ज करा. त्या अर्जात चित्रपटाची स्तुती लिहू नका. तांत्रिक अडथळ्याने प्रदर्शन नीट झाले नव्हते, चुकीची प्रत लागली होती, कागद दाखल असूनही धरला गेला नाही, अशी कागदावर दाखवता येणारी कारणेच मांडा.

संस्था कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तके किमान आठ वर्षे जपावी लागतात. दिवसांची पाकिटे, करारांच्या मूळ प्रती, बालकलाकारांच्या ठेवीच्या पावत्या आणि प्रमाणित आवृत्तीची एक डिस्क एकाच खोक्यात ठेवा. खोक्यावर नोंदणीकृत शीर्षक लिहा, भिंतीवर लावले होते त्याच लेखनात.